आजीचं वय काढायचंय, मदत करा

बाभूळबन
गेल्या माघात आमची आजी गेली. वर्षश्राद्ध तोंडावर आलंय. बैठकीत मोठा फोटो लावायचा आणि चार पानांची पुस्तिका छापायची असं घरात ठरलं. पुस्तिका माझ्या गळ्यात पडली, कारण 'तू दिवसभर फोनवर काहीतरी लिहीतच असतोस'.

आता अडचण अशी, की फोटोखाली जन्मसाल काय घालायचं? आधारवर 01/01/1935 आहे. ते कुणी आणि कसं घातलं हे सांगायची गरज नाही. धाकटे काका म्हणतात, म्हातारी शंभरीपार होती, 'शतायुषी' घाला. आत्या म्हणते, नव्वदसुद्धा भरले नसतील, शेवटच्या दिवाळीपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवत होती. दोघं आता एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप माझ्यामार्फत चालू आहेत.

आमचं गाव पाथरी तालुक्यात. आजीचं माहेर गोदावरीच्या पलीकडं, माजलगावकडं. तिच्या तोंडून ऐकलेलं एवढंच:

"पुलीस ॲक्शन झाली तव्हा माझं लगीन झालतं, पर नांदाया आले नव्हते." (पोलीस ॲक्शन म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणारी लष्करी कारवाई.)
"माज्या लग्नात हाली रुपये वाजवून घेतलते सासऱ्यानं." (हाली म्हणजे निजामाचं नाणं.)
"भाऊ उर्दू शाळंत जायचा, मी वासरं राखायची. त्याच्या न् माज्या मधी एक लेकरू गेलं."
"दुष्काळात खडी फोडाया गेले तव्हा धाकटा झोळीत व्हता."

ह्यावरून कुणाला काही काढता येतं का?

टहाळ
वाचतोय. आमच्या आख्ख्या घराचा वाढदिवस 1 जूनला. आजोबा, वडील, दोन चुलते, सगळे. गुरुजींनी पोरगं बघायचं, हात डोक्यावरून कानाला लागतो का ते तपासायचं आणि 1 जून लिहून मोकळं व्हायचं. केक एकच लागतो, तेवढा फायदा.

काडीपेटी
ह्यात वय काढायचं काय आहे? झोळीतले धाकटे काका हाच पुरावा. दुष्काळ 1972 चा. काका तेव्हा वर्षाचे धरू. आजी 2025 मध्ये शंभर असेल तर काका झाले तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची. काकांना हे हिशेबासकट सांगा आणि सांगताना दाराजवळ उभे राहा.

बाभूळबन
@काडीपेटी सांगितलं. म्हणाले, "तव्हाच्या बाया दमाच्या होत्या."

मांजराकाठ
मला खरंच कळत नाही, तारीख एवढी कशाला हवीय? चार पानं आहेत ना, त्यात ती कशी होती ते लिहा. आमच्या आजीचं जन्मसाल आम्हाला आजही माहीत नाही आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

आम्ही औशाकडचे. आजी म्हटली की मला येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा रानातला सण, आठवते. आदल्या रात्री घरात कुणी झोपायचं नाही. चुलीवर भज्जीचं मोठं पातेलं, त्यात तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, पातीचा कांदा, चिंच, वरून बेसन लावलेलं. बाजूला बाजरीचे उंडे. आंबील दोन दिवस आधीच घालून ठेवलेली. सकाळी बिंदगं धुवून त्याला चुन्याची बोटं ओढायची आणि ते डोक्यावर घेऊन आजी शेताला निघायची. मागून आम्ही. गाडी असली तरी ती चालतच जायची, आंबील गाडीत हिंदकळते म्हणून. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडले, पूजा झाली की ताक-आंबील शिंपडत रानाला फेरी. तिचा आवाज सगळ्यात मोठा, 'ओलगे ओलगे सालम पोलगे'. अर्थ विचारला तर म्हणायची, "अर्थ रानाला कळतो, तू मन."

आणि 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते, पहाटे चारला हललं. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. आमचा वाडा पडला नाही, पण एक भिंत फाकली. त्या भागात माणसं मेली ती जमीन हलली म्हणून जितकी, तितकीच डोक्यावरच्या माळवदामुळं. हात-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर पावसाळ्यागणिक चढवत नेलेले मातीचे थर. त्यानंतर आजी माळवदाखाली कधी झोपली नाही. अंगणात पत्र्याचं सपार होतं, त्यात बाज. थंडी असो, पाऊस असो. वडिलांनी पुढं स्लॅबचं घर बांधलं, इंजिनिअर आणून तिला समजावलं. तिनं त्याला चहा पाजला आणि बाजेवर जाऊन झोपली.

हे लिहा म्हणते मी. तारखेत आजी सापडत नाही.

जुना_कारकून
मांजराकाठताईंच्या भावना समजल्या, पण मूळ प्रश्नाचं उत्तर निघण्यासारखं आहे. महसुलात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हाली रुपया सोडून द्या, त्यावरून काही ठरत नाही. पोलीस ॲक्शननंतरही तो बाजारात चालू होता, सात हालीला सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, असा भाव होता. पोलीस ॲक्शन मात्र पक्की आहे, 13 ते 17 सप्टेंबर 1948. लग्न झालेलं पण नांदायला गेलेली नाही, म्हणजे न्हाण यायचं होतं. वय साधारण दहा ते तेरा. याचा अर्थ जन्म 1935 ते 1938 च्या मध्ये.

कागदावर आजी थेट सापडणार नाही. मुली शाळेत नव्हत्या, जमिनीला नावं बापाची आणि नवऱ्याची. 1954 च्या खासरा पत्रकात, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीत, तुमचे पणजोबा सापडतील, आजी नाही. आजोबा गेल्यावर जो वारसाचा फेरफार झाला, त्यात तिचं नाव पहिल्यांदा आलं असेल, पण तिथं वय अंदाजानं टाकतात.

तिचा भाऊ मात्र शाळेत होता म्हणता. मग त्या गावच्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर बघा, म्हणजे कोण कधी शाळेत आलं आणि कधी गेलं त्याचं. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती आली, तेव्हा ठिकठिकाणची कपाटं उघडली गेली. पूर्वी 'वाळवी लागली' असं उत्तर मिळायचं तिथं आता निदान कपाट कुठलं ते माहीत असतं. नोंद उर्दूत असेल आणि साल फसली, म्हणजे निजामाचं महसुली साल. इसवी सन काढायला फसलीत 590 मिळवा. मात्र फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यात सुरू व्हायचं. म्हणून महिना जानेवारी किंवा त्यानंतरचा निघाला तर 591. ही चूक वकीलसुद्धा करतात.

काडीपेटी
कारकूनसाहेब, आमच्या गल्लीत त्या वर्षी जो तो पणजोबा शोधत होता. पणजी कुणी शोधली नाही.

शेंगदाणा_चटणी
+1

रेहाना_प
@बाभूळबन नोंद सापडली तर फोटो टाका, मी वाचून देते. घरात उर्दू आहे, शिकस्ता, म्हणजे घाईघाईत मोडून लिहिलेली लिपी असली तर अब्बूंना दाखवीन.

पोलीस ॲक्शनचा विषय निघालाय म्हणून थोडं. आमची दादी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तीही सगळं त्याच खुणेनं मोजायची. पण तुमच्याकडं ती सुटकेची खूण आहे, आमच्या घरात दादीचे दोन भाऊ त्या आठवड्यानंतर परत आले नाहीत. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक, नव्हते; एक विणकर होता, एक त्याच्या हाताखाली. दादीला आणि तिच्या आईला शेजारच्या पाटलांनी ज्वारीच्या कणगीमागं लपवलं. पाटलीणबाई रोज भाकरी आणून द्यायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, "उंदरं लई झाली गं कणगीला." म्हणजे बाहेर कुणी उभं आहे, हलू नका. दादी हे सांगताना हसायची. आम्हाला हसू यायचं नाही.

सरहद्दीवर
रेहानाताई, वाईट वाटलं. पण रझाकारांनी काय केलं तेही लोकांना माहीत असू द्या. माझी आजी भूमची. तिच्या वडिलांना दिवसाढवळ्या मारलं, घर जाळलं. आजी आईच्या कडेवर बसून रातोरात सरहद्द ओलांडून बार्शीला आली. मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, पूर्वीच्या इंग्रजी मुलखात. बार्शीत कुणाच्या तरी वखारीत दिवस काढले. एकच बाजू नको.

रेहाना_प
@सरहद्दीवर एकच बाजू मी मांडलेली नाही. रझाकारांनी केलं ते दादीही सांगायची, त्यांना शिव्या देऊनच सांगायची. मागाहून नेहरूंनी सुंदरलाल समिती पाठवली होती, तिच्या अहवालात उस्मानाबाद आणि नांदेडचं नाव आहे. दोन्ही झालं. तुमची आजी आणि माझी दादी एकाच जिल्ह्यातल्या होत्या, एवढंच.

सरहद्दीवर
मान्य. माझा सूर जरा चढला.

कडबा_पेंडी
आमच्या आजीचं साल वेगळंच, 'धरणाआधी' आणि 'धरणानंतर'. पैठणच्या वरच्या अंगाचं गाव, नाथसागरात गेलं. शास्त्रीजींनी 1965 ला कोनशिला बसवली तेव्हा ती बघायला गेली होती म्हणे, डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन, कारण गर्दीत पाणी विकता येईल असं कुणीतरी सांगितलं होतं. 1976 ला धरणाचं उद्घाटन झालं तोवर गाव उठलेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की ती हट्टानं तिथं जायची. चिखलात चालत जाऊन दाखवायची, हा मारुती, ही आमची ढाळज, इथं चूल. आम्हाला फक्त दगड दिसायचे. एकदा तिथून पाटा उचलून आणला. तो धुतला, टाकी लावून घेतली आणि त्यावर मरेपर्यंत मिरची वाटली. मिक्सर होता घरात.

टहाळ
मिक्सरच्या चटणीला आमची म्हातारी 'रंगपाणी' म्हणायची.

ढोलकीवाला
@बाभूळबन आजीचं माहेर माजलगावकडचं म्हणालात. ती जात्यावर गायची का? विचारायचं कारण, हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्या 1996 साली टेपवर घेतल्या आहेत, त्या इंटरनेटवर ऐकता येतात. ऐकून बघा. त्याच मुलखातला आवाज, तीच हेल.

माझी आजी नांदेडची. तिच्या ओव्यांत बाबासाहेब राजा असायचे आणि सुटाबुटात यायचे. तिला लिहिता येत नव्हतं, पण 14 ऑक्टोबर 1956 ही तारीख पाठ. देव्हाऱ्यातले टाक त्यानंतर तिनं स्वतः गोदावरीत सोडले, सासूच्या देखत. सासूनं आठ दिवस तिच्या हातचं खाल्लं नाही. नवव्या दिवशी भूक लागली.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी, 1978 ला, वस्तीवर लोक येणार असा निरोप आला तेव्हा तिनं नातवंडांना उसात बसवलं आणि स्वतः घरात थांबली. का थांबलीस विचारलं तर म्हणायची, "म्हस व्हती दाव्याला. तिला कोण सोडणार?" मोठं काही बोललीच नाही कधी. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तेव्हा पेढ्यांना पैसे दिले आणि उरलेले मोजून परत घेतले.

मांजराकाठ
@ढोलकीवाला 'नवव्या दिवशी भूक लागली' :))

बाभूळबन
सगळ्यांना एकदम उत्तर देतो. शनिवारी माजलगावकडं जातोय, शाळेत.

@ढोलकीवाला गायची, पण आमच्यापुढं नाही. गिरणी गावात आली तशी जात्यावर पुरणाची डाळ आणि मेतकूट एवढंच राहिलं. माझ्याकडं तिचा एक आवाज आहे, चुकून दाबला गेलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. त्यात ती शेजारणीला सांगतेय की सुनेला ताकाचा अंदाज नाही. आईला अजून ऐकवलेला नाही.

@मांजराकाठ तुमचं पटतंय. पण घरात तारखेवरून भांडण आहे, ताकावरून नाही.

दुष्काळाचं विचारलं होतं कुणीतरी व्यनिमध्ये. आमच्याकडं पाझर तलावाचं काम निघालं होतं. बायांना खडी, गड्यांना खोदाई. मोठे काका चार बुकं शिकलेले म्हणून मुकादमाच्या हाताखाली हजेरी लिहीत. आजी एका हातात रबरी ट्यूबची चकती धरायची, त्यात दगड आणि दुसऱ्या हातात हातोडी. चकतीमुळं कपच्या डोळ्यात उडत नाहीत. तरी डाव्या भुवईवर तिला व्रण होता. दुपारी सुकडी मिळायची. तिनं ती कधी तिथं खाल्ली नाही, पदरात बांधून आणायची. रेशनला लाल मिलो ज्वारी, त्याची भाकरी थापली की कडा फुटायच्या. पुढं कधी भाकरी बिघडली की घरात 'मिलो झाली' म्हणत. माझ्या बायकोलाही हे ऐकवलं गेलंय.

काडीपेटी
आमच्या म्हातारीची चंची. पान, सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात 'काही नाही'. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री टीव्हीवर भाषण झालं. सकाळी म्हातारीनं सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं आणि नातवाला एकट्याला आत बोलावलं. 'काही नाही' मधून पाचशेच्या इतक्या नोटा निघाल्या, की आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना आयुष्यभर तंबाखूसाठी उधार मागायला लावलं होतं.

शेंगदाणा_चटणी
नोटांना काताचा वास आला असेल. बँकेत घेतल्या का?

काडीपेटी
घेतल्या. कॅशिअर शिंकला.

बाभूळबन
जाऊन आलो.

मुख्याध्यापक बाई भल्या निघाल्या. रजिस्टर कापडात बांधलेलं, कडा कुरतडलेल्या, पण शाई अजून काळीभोर. तीन वर्षांची पानं पालथी घातली. मला उर्दू शून्य, आजीच्या वडिलांचं नाव उर्दूत कसं दिसतं ते रेहानाताईंनी आधी लिहून पाठवलं होतं, तो कागद पानाशेजारी धरून जुळवत बसलो. सापडलं. फोटो त्यांना पाठवला.

रेहाना_प
वाचलं. अक्षर सुंदर आहे, अब्बूंची गरज पडली नाही. मुलाचं नाव, बापाचं नाव, पेशा जराअत म्हणजे शेती. दाखल अमरदाद 1350 फसली, उमर सात. खारीज दोन वर्षांनी, कारणाच्या रकान्यात शेतीचं काम. त्याच्या खालच्या ओळीतला मुलगा त्याच दिवशी दाखल आणि त्याच दिवशी खारीज आहे, जोडीनं गेले असावेत.

जुना_कारकून
उत्तम. अमरदाद म्हणजे जूनच्या आसपास. म्हणून 591 मिळवायचे, 1941. सात वर्षं गुरुजींच्या अंदाजाची, तरी भाऊ 1934 चा धरू. मध्ये एक मूल गेलं. दोन बाळंतपणांत दीड-दोन वर्षं धरली तर आजी 1937 च्या सुमाराची, एखादं वर्ष इकडं-तिकडं. पोलीस ॲक्शनच्या वेळी अकरा. लग्न झालेलं, नांदायला गेलेली नाही. जुळतं. जाताना वय सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी.

आत्या बरोबर.

टहाळ
म्हणजे आधारवाल्या पोराचा अंदाज दोनच वर्षांनी चुकला. त्याला सरकारनं पुरस्कार द्यावा.

मांजराकाठ
बरं, मी माघार घेते. मला वाटलं होतं तारीख शोधण्यात कोरडेपणा आहे. पण मधलं गेलेलं लेकरू, वासरं राखणारी पोर, शाळेतून नांगराला गेलेला भाऊ, हे तारखेच्या निमित्तानंच वर आलं की. त्या भावाचं पुढं काय झालं?

बाभूळबन
@मांजराकाठ मामा-आजोबा शेवटपर्यंत शेती करत होते. सही उर्दूत करायचे, सोसायटीत कुणाला वाचता यायची नाही म्हणून शेजारी अंगठाही घ्यायचे. दर भाऊबीजेला आजी नदी ओलांडून जायची. पूल नव्हता तेव्हा गुळाच्या मोठ्या काहिलीत बसून. तो वारल्यावरही एक वर्ष गेली, भावजयीला ओवाळून आली.

काकांना सगळा हिशेब दाखवला. बराच वेळ रजिस्टरचा फोटो बघत होते. मग म्हणाले, "सन 1937 अंदाजे असं घाल, पण 'अंदाजे' बारीक अक्षरात." आत्याला निरोप मी दिला नाही, तुम्हीच फोन लावा म्हणालो. लावला. पाच मिनिटं चांगलं बोलले, मग फोटोत पदर डोक्यावर हवा की खांद्यावर यावरून सुरू झालं.

काडीपेटी
नवीन धागा काढा.

शेंगदाणा_चटणी
अवांतर: वर्षश्राद्धाला जेवण काय? तुमच्या भागातली येसराची आमटी खाल्लीय एकदा लग्नात. कुणाच्या आजीचं येसराचं प्रमाण असेल तर द्या.

बाभूळबन
प्रमाण कसलं, ती मुठीनं घ्यायची आणि तिची मूठ लहान होती. गहू, हरभऱ्याची डाळ, थोडी बाजरी, सगळं वेगवेगळं भाजायचं. धणे सढळ, जिरे, मिरे, लवंग, दगडफूल. हळद शेवटी, भांडं उतरवल्यावर. आई करते तेव्हा बघून लिहून टाकतो.

कडबा_पेंडी
बाजरी? आमच्याकडं तांदूळ घालतात. बाजरीनं आमटी काळी पडते.

टहाळ
उडदाची डाळ राहिली.

जुना_कारकून
उडीद नको. आमटी चिकट होते.